भंडारदऱ्याकाठची कुडाची घरे

वाचकहो, अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे उसाचे मळे, साखर कारखाने, पूर्वेकडचे कोरडे माळ आणि शिर्डी-शिंगणापूरची वाट उभी राहते. या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर, याच्या अगदी उलट रूपाचा एक प्रदेश आहे. अहिल्यानगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. अकोले तालुक्यातील घाटघर आणि रतनवाडी या गावांत मात्र तो अनेकदा पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. आज आपण तिकडे जाऊ या. तिथले डोंगर आणि धबधबे पाहण्यासारखे आहेतच. पण या लेखाचा विषय तिथली जुनी घरे, ती राखणारी कुटुंबे आणि त्या कुटुंबांतील म्हातारी माणसे हा आहे. घरात वडीलधारी माणसे असणाऱ्या किंवा स्वतः त्या वयाला पोहोचलेल्या प्रत्येकाला या घरांकडून काही घेण्यासारखे आहे.

वाट आणि जलाशय

मुंबई-नाशिक महामार्गावरील घोटीपासून भंडारदरा साधारण पस्तीस किलोमीटरवर आहे. नगर-संगमनेरकडून येणाऱ्यांना अकोले आणि राजूर ओलांडून यावे लागते. राजूर ही या आदिवासी पट्ट्याची बाजारपेठ. तिथले पेढे प्रसिद्ध आहेत, मधुमेह असणाऱ्यांनी ते घरच्यांसाठी घ्यावेत!

शेंडी गावाजवळ प्रवरा नदीवर दगडी बांधणीचे धरण उभे आहे. १९१० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. उंची सुमारे ८२ मीटर, पाणीसाठा अकरा अब्ज घनफूट. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडची शेती हिरवी झाली ती या पाण्यावर. इकडे मात्र दरीतली सपाट जमीन पाण्याखाली गेली आणि वस्त्या काठावरच्या उतारांवर राहिल्या. या उतारांवर खडक इतका कठीण आहे की पावसाळ्यात कोसळलेले पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टंचाई भासते. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण अशा गावांना परकी नाही.

जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावे एकामागून एक लागतात. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत. पक्का रस्ता होण्यापूर्वी पावसाळ्याचे चार महिने ही गावे जणू बेटेच होत. जे घरात साठवले असेल तेच खायचे, जे घर उभे असेल त्याच्याच आधाराने राहायचे. इथल्या घराची रचना समजून घ्यायची तर त्या चार महिन्यांचा विचार आधी करावा लागतो.

कारवीची भिंत

इथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. या समाजाचे पारंपरिक घर लाकडी खांबांवर उभे असते. भिंती कुडाच्या. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचे झुडूप माजते. ते साधारण सात वर्षांनी एकदाच जांभळे फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या सरळ, चिवट काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि माती, शेण व भाताचे तूस एकत्र मळून दोन्ही बाजूंनी लिंपायचे, हा झाला कूड. छप्पर पूर्वी गवताचे असे, नंतर कौले आली. छपराची उतरण इतकी खाली आणतात की आत शिरताना मान लववावीच लागते. त्यामागे मोजून-मापून केलेला विचार आहे. आडव्या पावसाचा मारा मातीच्या भिंतीपर्यंत पोहोचू नये, म्हणून छप्पर तिच्यावर झुकलेले असते.

आत डोळे अंधाराला सरावले की चूल दिसते, जाते आणि उखळ दिसते. वर माळा असतो. बाजूला कणगी, आणि एका अंगाला बहुधा गुरांचा गोठा. चुलीचा धूर माळ्यावरून जाताना धान्य कोरडे ठेवतो आणि वाशांना कीड लागू देत नाही. गुरांच्या उबेने ओल्या गारठ्यात घर उबदार राहते. एकही वस्तू बाजारातून आणलेली नाही आणि एकही वाया जाणारी नाही, असे हे घर.

पण या घराला विसावा ठाऊक नाही. दर उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची शाकारणी करावी लागते. फुटकी कौले बदलायची, सरकलेली नीट बसवायची, गवताचे छप्पर असेल तर नवे गवत चढवायचे, भिंतींच्या भेगा बुजवायच्या, पावसाच्या दिशेच्या भिंतीला बाहेरून आडोसा बांधायचा. वर्षभर सारवण तर चालूच. एक पावसाळा घर तसेच सोडले तर कूड भिजतो, दुसऱ्या पावसाळ्यात खांबाच्या बुंध्याला ओल लागते. दगडी देवळे शतकानुशतके टिकतात. मातीचे घर टिकते ते वर्षाला वर्ष जोडून.

राखायचे की सोडायचे?

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. भाताची कापणी आटोपली की इथली तरुण मंडळी नारायणगाव परिसरात मजुरीला उतरतात. शिकलेली मुले नाशिक-पुण्याला जातात. शाकारणीला लागणारे हात घरात उरत नाहीत. सत्तरीतल्या आजोबांना छपरावर चढवणे धोक्याचे. घरकुल योजनेतून सिमेंटचे पक्के घर मिळत असेल तर ते घेणाऱ्या कुटुंबाला आपण शहरात बसून दोष देऊ नये. ज्याच्या अंथरुणावर रात्रभर पाणी गळले आहे, त्याला जुन्या घराचे कौतुक सांगायला आपण कोण? चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचे आणि डोळ्यांचे जे नुकसान होते, तेही खरेच आहे.

तरीही काही कुटुंबांनी मधला मार्ग काढलेला आपल्याला दिसेल. नवे घर शेजारी बांधले, जुने मोडले नाही. नव्या घरात गॅस, दिवा, पोरांचा अभ्यास, तर जुन्यात धान्य, बियाणे, जाते, देव आणि दुपारची विश्रांती. काही जणांनी जुन्या घराची ओटी आणि खोली पाहुण्यांसाठी नीट केली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, काजव्यांनी लखलखणारी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडे पाहायला मोठी गर्दी लोटते. घरगुती मुक्कामातून मिळणाऱ्या पैशात कौलांचा खर्च निघतो. जुन्या घराला पुन्हा काम मिळते आणि काम असलेले घर मोडायला सहसा कोणी धजत नाही.

असा प्रश्न केवळ आपल्याकडे पडला आहे असेही नाही. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचे एक रानबेट आहे. १९४० साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे मासेमारी करणाऱ्या आणि उन्हाळ्याला येऊन राहणाऱ्या काही कुटुंबांना आपल्या लाकडी घरांत हयातीपुरते राहण्याची मुभा मिळाली. माणूस गेला की घर उद्यानाचे. अनेक घरे पाडली गेली, काही ओस पडून कोसळली. पुढे त्या कुटुंबांच्या मुला-नातवंडांनी संघटित होऊन उरलेली घरे आणि धक्के दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. निर्जन झालेल्या घराचा वारसा जपणे किती अवघड असते, ते त्यांना पुरते कळले.

अकोल्यातही १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. शेकरू तिथे आढळते. अभयारण्याच्या कायद्यामुळे लाकूडतोडीवर बंधने आहेत आणि जंगलाच्या दृष्टीने ती आवश्यकच आहेत. त्यामुळे जुन्या वाशाचे, जुन्या खांबाचे मोल इथे वाढले आहे. पण एक भाग्याची गोष्ट आहे. गावे रानातच आहेत, माणसे घरांतच आहेत. इथला वारसा अजून माणसांच्या हातात आहे, आणि त्यातले बरेचसे हात सुरकुतलेले आहेत.

म्हाताऱ्यांचे काम

या गावांत हिंडताना आपण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या घरात म्हातारा माणूस पाहुण्यासारखा एका कोपऱ्यात बसलेला नसतो. कोणत्या मातीत किती शेण घालायचे, कारवी कधी तोडायची म्हणजे तिला भुंगा लागत नाही, कुठल्या कोपऱ्यातून पाणी शिरते, हे त्यालाच ठाऊक असते. आश्विनात, वसुबारसेच्या दिवशी, इथे वाघबारस साजरी होते. गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, खीर रांधतात आणि गुराढोरांचे, लेकराबाळांचे रक्षण कर म्हणून विनवतात. त्या दिवशी काय आधी, काय नंतर, कोणाचे नाव घ्यायचे, हे जुन्या माणसांनाच विचारावे लागते. ज्याला विचारावे लागते, तो माणूस घरात अडगळ ठरत नाही.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण तर सर्वज्ञात आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी स्त्रीने आपल्या घरात देशी वाणांचे बियाणे जपायला सुरुवात केली. बायफ या संस्थेची साथ लाभली, बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाचे, घेवड्याचे, भाताचे, भाजीपाल्याचे हे वाण पूर्वी प्रत्येक घरची आजी मडक्यात राखेबरोबर जपून ठेवत असे. राहीबाईंनी त्याच आजीच्या कामाला समाजात मान मिळवून दिला. काळभात, जिरवेल, आंबेमोहोर ही इथल्या तांदळांची नावे आजही ऐकू येतात ती अशा जपणुकीमुळे.

मानसशास्त्रातही याला दुजोरा मिळतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली असे मांडले की उतारवयात माणूस गतायुष्याकडे वळून पाहतो, ते मनाचे स्वाभाविक आणि गरजेचे कार्य आहे. त्याआधी म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे निव्वळ बडबड समजली जाई. आज वृद्धसेवेत आठवणी जागवण्याच्या पद्धती वापरल्या जातात. जुनी वस्तू हातात देणे, जुने गाणे ऐकवणे, जुन्या घराबद्दल विचारणे, यांमुळे संवाद सुरू होतो आणि मन प्रसन्न होते. स्मृतिभ्रंशात कालचे जेवण आठवत नाही, पण धान्य निवडायला दिले तर बोटे आपले काम ओळखतात. हातांना सवयीची झालेली कौशल्ये बरीच उशिरापर्यंत टिकून राहतात.

ज्येष्ठांसह सहलीची आखणी

वाचकहो, आपण स्वतः ज्येष्ठ असाल किंवा ज्येष्ठांना घेऊन निघणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये इथले सौंदर्य परमोच्च असते. पण धुके, निसरडी पायवाट आणि घाटातील दरडी यांमुळे तो काळ वृद्धांसाठी सोयीचा नाही. काजव्यांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळावा. हिवाळ्यात पहाटे गारठा चांगलाच असतो, तेव्हा कानटोपी, मोजे आणि लोकरी कपडे सोबत हवेतच.

एका दिवसात एवढेच पाहावे. सकाळी शेंडीहून निघून रतनवाडीला जावे. तिथले अमृतेश्वराचे देऊळ सुमारे हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. कोरीव खांब आणि शिखर पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही, गाडी अगदी जवळ जाते. गाभाऱ्यात अंधार असतो, पायरीवर विजेरीचा प्रकाश पाडूनच पाऊल टाकावे. जवळच चौकोनी पुष्करणी आहे. तिच्या पायऱ्या उतरण्याचा मोह गुडघेदुखी असलेल्यांनी आवरावा, काठावरून भिंतीतील कोनाडे छान दिसतात. रतनगडावर उगम पावणाऱ्या या प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. दुपारचे जेवण एखाद्या घरी आधी सांगून ठेवावे आणि ओटीवर तासभर पडावे. नंतर घाटघरला कोकणात कोसळणारे कडे कठड्यामागून पाहून परतावे. राज्यातील सर्वांत उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे आहे. त्याचे दर्शन बारी गावातून घ्यावे, लोखंडी शिड्या नातवंडांसाठी सोडाव्यात. हरिश्चंद्रगडाचेही तसेच.

जेवणात नागलीची भाकरी अवश्य मागावी. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असणाऱ्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ठेचा आणि लोणचे रक्तदाब पाहून घ्यावे. रानातून गोळा होणारा हिरडा इथे विकत मिळू शकतो, पण तो औषध म्हणून घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

काळजीवाहकांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. मुक्कामाच्या ठिकाणी कमोड आहे की नाही हे आधी विचारावे, नसल्यास घडीची कमोडखुर्ची गाडीत ठेवावी. जुन्या घराचा दरवाजा बुटका आणि उंबरठा उंच असतो. आजी-आजोबांच्या पुढे एकाने आणि मागे एकाने चालावे. दम्याच्या रुग्णांना चुलीपाशी बसवू नये, ओटी बरी. रात्री बाहेर जाताना पायांत बूट आणि हातात विजेरी असावी. रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत. अनेक ठिकाणी मोबाइल लागत नाही, म्हणून औषधांची यादी आणि घरच्यांचे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत. मोठ्या उपचारांसाठी संगमनेर किंवा नाशिक गाठावे लागते, हे लक्षात घेऊन हृदयविकाराच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

आणि एक विनंती. मुक्काम शक्यतो त्याच गावात राहणाऱ्या कुटुंबाकडे करावा, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. कोणाच्या घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढावीत, विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. ते लोकांचे राहते घर आहे.

परतल्यावर

या प्रवासाचा खरा उपयोग घरी परतल्यावर सुरू होतो. आपल्या आई-वडिलांचेही एक जुने घर होते. कोकणात असेल, माणदेशात असेल, गिरणगावातल्या चाळीत असेल. निवांत दुपारी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवावा आणि त्या घराचा नकाशा काढायला सांगावे. चूल कुठे, देव कुठे, पाणी कुठून यायचे, बाळंतिणीची खोली कोणती, कोण कुठे निजायचे. हात थरथरत असेल तर त्यांनी सांगावे, नातवंडाने रेघा ओढाव्यात. ध्वनिमुद्रण करून ठेवावे. घरातली एखादी जुनी वस्तू, अडकित्ता असो वा परात, माळ्यावरून खाली काढून त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा वापरात आणावी. आठवड्यातून एक तरी गोष्ट अशी असावी, की जी त्यांना विचारल्याशिवाय घरात होत नाही.

सगळ्याच आठवणी सुखाच्या नसतात. कोणाचे घर भाऊबंदकीत गेलेले असते, कोणाचे पाण्याखाली. बोलताना डोळे भरून आले तर विषय रेटू नये, हात हातात घेऊन नुसते बसावे. खिन्नता बरेच दिवस टिकली, जेवण-झोप तुटली, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

भंडारदऱ्याकाठी मे महिना संपत आला की सावडीने शाकारणी सुरू होते. आज या घराची, उद्या शेजारच्याची. ज्या घरी नातू सुटीला आलेला असतो, तो छपरावर चढतो. आजोबा खाली अंगणात खाटेवर बसून त्याला कौल कुठे सरकवायचे ते हाताने दाखवत राहतात.